हॉर्न स्पीकरच्या जोडीला सेंटर कोणता लावावा?

सेंटर म्हणजे होम थिएटरमधला संवाद ऐकवणारा मधला स्पीकर, आणि हॉर्न म्हणजे स्पीकरवरचा भोंगा. प्रश्न थोडक्यात असा आहे. डावी-उजवी जोडी मोठी, खाली १५ इंची वूफर (खालच्या सुरांचा), वर ४० सेंमी रुंदीचा हॉर्न, सेन्सिटिव्हिटी (ठरावीक वीज दिल्यावर किती मोठ्याने वाजतो) ९९ डेसिबल. मधे टीव्हीखाली ८८ डेसिबलचा आडवा सेंटर, त्यात दोन लहान वूफर आणि मधोमध कापडी डोमचा ट्वीटर (वरच्या सुरांचा). सगळे स्पीकर चालवणाऱ्या रिसीव्हरच्या ऑटो सेटअपने तिघांची पातळी जुळवून दिली आहे, तरीही संवाद डब्यातून आल्यासारखे वाटतात आणि सिनेमातली गाडी डावीकडून उजवीकडे जाताना मधल्या टप्प्यात तिचा आवाजच बदलतो. बसायची जागा ३ मीटरवर, तीन जणांचा सोफा. मग सेंटर कोणता घ्यावा?

सरळ उत्तर: ‘सेंटर’ म्हणून विकला जाणारा स्पीकर घेऊच नका. जोडीत जे आहे तेच तिसरे आणा आणि तेही उभेच ठेवा. पुढचं सगळं हे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी, आणि बहुतेकांना ते जमत नाहीच. टीव्ही आड येतो, किंवा मॉडेल बंद झालेलं असतं, किंवा घरातल्यांनी तिसऱ्या कपाटाएवढ्या खोक्याला साफ नकार दिलेला असतो. अशा वेळी तडजोड करावी लागते, पण ती कोणत्या क्रमाने करायची हे ठरलेलं आहे. बोलण्याच्या पट्ट्यातला आवाजाचा फैलाव (तो किती कोनात पसरतो) सर्वांत आधी जुळवायचा, मग ताकद, आणि फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स (कोणता सूर किती मोठा वाजतो) सगळ्यात शेवटी. लोक नेमके उलटे जातात. रिस्पॉन्सचे आकडे खोक्यावर छापलेले असतात, फैलावाचे क्वचितच.

हा क्रम मी मनाने ठरवलेला नाही. मधल्या स्पीकरचा प्रश्न होम थिएटरपेक्षा पुष्कळ जुना आहे, आणि गंमत म्हणजे तो हॉर्नवाल्यांनीच आधी सोडवला. २७ एप्रिल १९३३ रोजी बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या संशोधनशाळेने फिलाडेल्फियात चाललेलं ऑर्केस्ट्राचं वादन टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवलं. त्यासाठी त्यांनी दोन नव्हे, तीन वाहिन्या वापरल्या. मोठ्या मंचासाठी दोन वाहिन्या अपुऱ्या पडतात, मध्य रिकामा वाटतो, हे त्यांच्या प्रयोगांत दिसलं होतं. पुढे अमेरिकी अभियंते पॉल क्लिप्श यांचा क्लिप्शहॉर्न हा स्पीकर १९४६ मध्ये बाजारात आला. तो खोलीच्या कोपऱ्यातच बसवावा लागतो, कारण कोपऱ्याच्या भिंतीच त्याच्या बेस हॉर्नचा शेवटचा भाग होतात. लांब भिंतीच्या दोन टोकांना दोन स्पीकर गेले की मधे भगदाड पडतं. ते बुजवायला क्लिप्श यांनी १९५७ मध्ये हेरेसी हा लहान स्पीकर आणला. त्यात त्यांनी काय सोडलं आणि काय राखलं ते बघण्यासारखं आहे. बेसचा हॉर्न सोडला, तिथे बंद खोक्यातला साधा वूफर घेतला. मिडरेंज (मधल्या सुरांचा भाग) आणि ट्वीटर मात्र हॉर्नवरच ठेवले. हॉर्नशिवाय दुसरं काही न मानणाऱ्या माणसालाही खालच्या पट्ट्यातली तडजोड चालली, मधल्या पट्ट्यातली चालली नाही.

आता फैलावाकडे येऊ, कारण डब्यातल्या आवाजाची तुमची तक्रार तिथूनच निघते.

हॉर्न आवाज मोठा करतो हे सगळ्यांना माहीत असतं. त्याचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे: तो आवाजाला ठरावीक कोनात बांधून ठेवतो. ९० अंशांचा हॉर्न त्या कोनाबाहेर फारसं काही फेकत नाही. त्यामुळे बाजूच्या भिंतींकडे कमी आवाज जातो आणि कानावर थेट येणाऱ्या आवाजाचं प्रमाण वाढतं. हॉर्नचा आवाज समोर उभा राहिल्यासारखा वाटतो तो यामुळे. कापडी डोम आणि लहान वूफर खोलीभर सांडतात. दोघांचा समोरून मोजलेला आलेख तंतोतंत सारखा करून दिला तरी खोलीत परतून येणारा आवाज वेगळाच राहतो, आणि कान तो फरक पकडतो. डावीकडची गाडी मधे आली की तिच्या आवाजाभोवतीची खोलीच बदलते. तुम्हाला ऐकू येतो तो हा बदल.

म्हणून मग लोक ‘हॉर्नवाला सेंटर’ शोधायला निघतात, आणि इथे दुसरा घोटाळा होतो. आडव्या सेंटरच्या मधोमध तळहाताएवढा हॉर्न बसवलेला असतो. दिसायला हॉर्न, कंपनीही तीच, दुकानदार छातीठोकपणे ‘मॅचिंग’ म्हणून सांगतो. पण हॉर्न कोणत्या फ्रीक्वेन्सीपासून वर आपला कोन सांभाळतो हे त्याच्या तोंडाच्या रुंदीवर ठरतं. हॉर्नवर प्रचंड काम केलेले डॉन कील यांचं यासाठी एक सोपं सूत्र आहे. सेंटिमीटरमध्ये मांडायचं तर साधारण २५ लाखांना कोनाच्या अंशांनी आणि तोंडाच्या रुंदीने भागायचं. येतं ते हर्ट्झमध्ये. तुमचा ४० सेंमी रुंद हॉर्न ९० अंशांचा धरा. २५ लाख भागिले ३६००, म्हणजे सुमारे ७०० हर्ट्झ. त्याच्या वर तो आवाज बांधून ठेवतो. आता सेंटरमधला १२ सेंमीचा हॉर्न: २५ लाख भागिले १०८०, सुमारे २३०० हर्ट्झ. म्हणजे ७०० ते २३०० या पट्ट्यात तुमची जोडी शिस्तीत बोलत असते आणि मधला स्पीकर आपल्या वूफरांच्या मर्जीने. माणसाच्या बोलण्यातले स्वर एकमेकांपासून वेगळे ओळखू येतात ते बरेचसे याच पट्ट्यामुळे. हॉर्न आहे, पण ज्या जागी हवा तिथे तो कामावरच नाही.

तेव्हा दुकानात जाताना मोजपट्टी घेऊन जा. मोठ्या जोडीच्या हॉर्नची रुंदी आधी घरी मोजून ठेवा, सेंटरच्या हॉर्नची तिथे मोजा. दोन तृतीयांशपेक्षा लहान असेल तर त्या सेंटरकडून फार अपेक्षा ठेवू नका, पाटीवर नाव कोणाचंही असो. कोनाचा आकडाही विचारा. ९० बाय ६० चा हॉर्न म्हणजे आडवा ९०, उभा ६०. उभा स्पीकर आडवा झोपवून सेंटर बनवणारे पुष्कळ आहेत. तसं केलं की ६० अंश आडवे होतात आणि ९० अंश छत-जमिनीकडे जातात, म्हणजे सोफ्याच्या टोकाला बसलेल्याला कमी आणि गालिच्याला जास्त. काही स्पीकरमध्ये हॉर्न चार स्क्रू काढून ९० अंशांत फिरवता येतो. तसा असेल तर झोपवण्याआधी तो फिरवून घ्या.

आडव्या सेंटरचा आणखी एक दोष हॉर्न असो-नसो सगळ्यांना लागू आहे. वूफर, मधे ट्वीटर, पुन्हा वूफर ही मांडणी दिसायला नीटस, टीव्हीखाली मावणारी, आणि ध्वनीच्या हिशेबाने चुकीच्या बाजूवर पडलेली. दोन वूफर एकच आवाज काढतात. तुम्ही बरोबर मधे बसलात तर दोघांपासूनचं अंतर सारखं. बाजूला सरकलात की एक जवळ, एक लांब. अंतरातला फरक अर्ध्या तरंगलांबीएवढा झाला की दोघे एकमेकांना खोडून काढतात. आकडे घालून बघू. दोन ८ इंची वूफर, मधे हॉर्न, वूफरांच्या मध्यांत ४० सेंमी अंतर. १५०० हर्ट्झची तरंगलांबी सुमारे २३ सेंमी, तिचा अर्धा साडेअकरा. हा फरक १७ अंशांवर पडतो. ३ मीटरवर १७ अंश म्हणजे मध्यापासून ९० सेंमी. तुमच्या सोफ्यावरच्या बाजूच्या माणसाचं डोकं जवळपास तिथेच असणार! क्रॉसओव्हर (वूफर थांबून ट्वीटर सुरू होतो ती फ्रीक्वेन्सी) जर १५०० च्या आसपास असेल, तर ट्वीटर तो खड्डा थोडाफार भरतो, पूर्ण नाही. मधे बसणारा म्हणतो ‘छान आहे’, बाजूला बसणारी म्हणते ‘शब्द कळत नाहीत’, आणि दोघांचंही खरं असतं.

यावर उपाय दोन. क्रॉसओव्हर पुरेसा खाली असेल, समजा ५०० हर्ट्झला, तर त्याच ४० सेंमी अंतरावर खड्डा जवळपास ६० अंशांपर्यंत ढकलला जातो, म्हणजे सोफ्याच्या पार बाहेर. पण त्यासाठी ५०० हर्ट्झपर्यंत उतरणारा मोठा हॉर्न आणि तसा ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) लागतो. दुसरा उपाय असा की एक वूफर ३००-४०० हर्ट्झच्या वर बंद करायचा आणि त्यापुढे ट्वीटरपर्यंत दुसऱ्याने एकट्याने काम करायचं. याला अडीच-वे म्हणतात. तपशिलात क्रॉसओव्हरचे दोन आकडे दिलेले असले, पैकी एक ५०० च्या खाली असला, आणि वूफर दोन असले, तर बहुधा तशी रचना असते. आडवाच घ्यायचा असेल तर असाच बघा. त्याहून चांगला म्हणजे ज्यात मिडरेंज आणि ट्वीटर एकाखाली एक रचलेले असून वूफर दोन्ही बाजूंना आहेत असा थ्री-वे, म्हणजे आवाजाचे तीन पट्टे तीन प्रकारच्या ड्रायव्हरांत वाटणारा सेंटर.

ताकदीचा हिशेब त्यामानाने सरळ आहे. सिनेमाच्या रेफरन्स पातळीला मुख्य वाहिन्यांचे शिखर श्रोत्याजवळ १०५ डेसिबल धरतात. ३ मीटरवर मोकळ्या हवेत साडेनऊ डेसिबलची घट होते, खोली त्यातले सुमारे ४ परत देते. ८८ डेसिबलच्या सेंटरला तिथवर पोचायला साधारण १८० वॅट लागतील. तुमच्या ९९ डेसिबलच्या जोडीला १४. रिसीव्हरवर १०० वॅट छापलेले असतात ते बहुतेकदा दोनच वाहिन्या चालू असतानाचे. म्हणजे स्फोटाच्या प्रसंगी डावा-उजवा हसतखेळत जातात आणि मधल्याची दमछाक होते, व्हॉइस कॉइल तापून आवाज आणखी दबतो. पण इथे मी लोकांना घाबरवून स्पीकर विकायच्या मताचा नाही. घरात रेफरन्सला कोणी ऐकत नाही. १० डेसिबल खाली ऐकलं तर हाच हिशेब १८ वॅट आणि दीड वॅटवर येतो आणि ८८ चा सेंटरही धडपणे चालतो. तुम्ही रात्री बेतानेच आवाज ठेवत असाल तर तुमची अडचण वॅटची नाहीच, फैलावाची आहे. मोठा ॲम्प आणून ती जाणार नाही.

सेन्सिटिव्हिटीचा छापील आकडा मात्र जरा चिमटीत धरूनच घ्या. काही उत्पादक खोलीत मोजलेला आकडा छापतात, त्यात तीन-चार डेसिबल फुकटचे असतात. आणि ऑटो सेटअपनंतर रिसीव्हरच्या मेनूत जाऊन पातळीचे आकडे एकदा डोळ्यांनी बघा. बऱ्याच रिसीव्हरमध्ये ही मर्यादा अधिक-उणे १२ डेसिबल असते. तुमच्या डाव्या-उजव्याला उणे ११ किंवा उणे ११.५ दिसलं तर ते मोजमाप आहे. नेमकं उणे १२.० दिसलं तर ते कुंपण असू शकतं: रिसीव्हरला आणखी खाली जायचं होतं, जाता आलं नाही. अशा वेळी तुमची जोडी सेंटरपेक्षा खरोखरच मोठ्याने वाजत असते आणि ‘संवाद दबतात’ या तक्रारीचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं. साउंड मीटर किंवा मोजणीच्या माइकने तिन्ही वाहिन्यांचा टेस्ट नॉइज स्वतः ताडून बघा.

खरेदीच्या आधी एक चाचणी करायलाच हवी, आणि ती फुकट आहे. हल्लीचा सेंटर टीव्हीखालून काढा, डाव्या स्पीकरच्या शेजारी, त्याच्याच उंचीवर एखाद्या स्टुलावर ठेवा. पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्यांतला चाचणीचा खळखळाट) दोघांवर आळीपाळीने वाजवा, पातळी सारखी करून. मग एकट्या माणसाच्या बोलण्याचं मोनो रेकॉर्डिंग लावा. यामागचा हेतू असा की स्पीकरचा फरक आणि जागेचा फरक वेगळे व्हावेत. शेजारी ठेवल्यावर दोघे बऱ्यापैकी जवळ आले, तर दोष स्पीकरपेक्षा टीव्हीखालच्या कप्प्याचा आहे. कप्प्याच्या आत ढकललेला सेंटर १०० ते २५० हर्ट्झच्या दरम्यान दोन-चार डेसिबल फुगतो, वरच्या फळीवरून परतलेला आवाज त्यात मिसळतो, आणि पुरुषी आवाज माठात बोलल्यासारखा येतो. खोका फळीच्या पुढच्या कडेला बरोबर भिडवा, जमल्यास बोटभर बाहेरच, आजूबाजूच्या पोकळीत जाड फोम कोंबा. मागे पोर्ट (हवेचं भोक) असेल तर त्याला वाट ठेवा. आणि तो कानाकडे कलता करा. सेंटर जमिनीपासून ४५ सेंमीवर, कान १ मीटरवर, अंतर ३ मीटर असेल तर कल सुमारे १० अंशांचा लागतो. पुढे दोन रबरी पाचर लावल्या की झालं. हॉर्नचा उभा कोन अरुंद असतो म्हणून डोमपेक्षा इथे या १० अंशांना जास्त किंमत आहे.

शेजारी ठेवूनही फरक तितकाच राहिला तर मात्र स्पीकर बदलायचा.

काय घ्यायचं याची माझी पसंती अशी. पहिली पसंती तोच मॉडेल, एकटा. पुष्कळ उत्पादक मोठे स्पीकर एकेकटे विकतात, विचारावं लागतं. जुना, बंद झालेला मॉडेल असेल तर वापरलेली जोडी घ्या, एक लावा, दुसरा सुट्या भागांसाठी ठेवा. डायफ्राम (ड्रायव्हरमधला कंप पावणारा पातळ पडदा) पुढेमागे लागतोच. पडदा आणि प्रोजेक्टर असेल तर प्रश्नच मिटला: आरपार आवाज जाणारा पडदा लावा आणि तिन्ही सारखे स्पीकर मागे उभे करा. चित्रपटगृहांत स्पीकर पडद्यामागे ठेवायची रीत बोलपटांच्या सुरुवातीपासूनची आहे. ऑल्टेक या कंपनीची १९४५ ची ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ ही स्पीकरमालिका पडद्यामागे उभी राहण्यासाठीच बनली होती. छिद्रांचा पडदा वरच्या पट्ट्यातले काही डेसिबल खातो, विणलेला कमी. जे जातं ते तिन्ही वाहिन्यांचं सारखंच जातं, त्यामुळे इक्वलायझरने भरून काढणं सोपं.

दुसरी पसंती त्याच मालिकेतला धाकटा भाऊ, पण तोच हॉर्न आणि तोच कंप्रेशन ड्रायव्हर (हॉर्नमागे बसणारा, त्यात आवाज सोडणारा भाग) असलेला. वूफर १५ ऐवजी १२ किंवा १० इंची असला तरी माझी हरकत नाही, कारण ८० हर्ट्झच्या खाली सगळं सबवूफरला द्यायचं आहे. डायफ्रामचा पदार्थही बघा. टायटॅनियम आणि पॉलिमर यांची वरची ठेवण वेगळी असते, आणि ती स, श, च या वर्णांत ऐकू येते. पण टायटॅनियमवाला मोठा हॉर्न आणि पॉलिमरवाला लहान हॉर्न असे दोनच पर्याय समोर असतील तर मी डोळे झाकून मोठा हॉर्न उचलेन. वरच्या पट्ट्यातला एक-दोन डेसिबलचा फरक बटणाने जातो, रुंदी बटणाने येत नाही.

तिसरी पसंती स्वतः बांधणे. तोच हॉर्न आणि ड्रायव्हर सुटे मिळत असतील तर खाली दोन ८ इंची वूफर आडवे शेजारी-शेजारी चिकटवून, वर हॉर्न, असा बुटका खोका बांधा. वूफर चिकटून असले की मध्यांतलं अंतर २२ सेंमीवर येतं आणि बाजूचे खड्डे ८०० हर्ट्झच्या क्रॉसओव्हरला चिंता करण्यासारखे उरत नाहीत. हॉर्न मधे घालून वूफर दोन बाजूंना फेकायचा मोह टाळा, नाहीतर वर सांगितलेला ४० सेंमीचा घोळ पुन्हा हजर. बांधल्यावर हॉर्नच्या ड्रायव्हरची पोलॅरिटी (अधिक-उणे जोडणी) मोजून तपासा; काही क्रॉसओव्हरमध्ये ती उलट जोडणंच बरोबर असतं.

आणि एक पर्याय कोणी सांगत नाही कारण त्यात काही विकायचं नसतं: सेंटर नकोच. एक किंवा दोनच जण पाहत असतील तर रिसीव्हरमध्ये सेंटर ‘नाही’ करा. डावा-उजवा इतके आत वळवा की त्यांच्या रेषा श्रोत्याच्या पुढ्यातच एकमेकींना छेदतील. मग तुम्ही डावीकडे सरकलात तर जवळच्या डाव्या स्पीकरच्या अक्षाबाहेर जाता, तो मंदावतो. लांबच्या उजव्याच्या अक्षाजवळ येता, तो टिकून राहतो. आवाज मधेच राहतो, निदान थोड्या अंतरापर्यंत. ही करामत कोन सांभाळणाऱ्या हॉर्नलाच जमते, डोमला तितकीशी नाही. याची किंमतही आहे. दोन स्पीकरमधून तयार झालेल्या मध्यात उजव्याचा आवाज डाव्या कानाला सुमारे पाव मिलिसेकंद उशिरा पोचतो, त्यामुळे २००० हर्ट्झच्या आसपास खळगा पडतो आणि शब्दांची धार किंचित बोथट होते. तरीही बेमेळ सेंटरपेक्षा मी हे पसंत करतो. नवा सेंटर येईपर्यंत महिनाभर असंच ऐकून पाहा, तुमची तुलना तेवढी पक्की होईल.

इक्वलायझरबद्दल लोकांची श्रद्धा फार. ५०० हर्ट्झच्या खाली खोलीचं राज्य असतं आणि तिथे रिसीव्हरमधल्या ऑड्सी, डिरॅक यांसारख्या आवाज आपोआप सुधारणाऱ्या प्रणाली खरोखर उपयोगी पडतात, कप्प्यातला तो फुगवटा त्या कापून टाकतात. त्याच्या वर मी हात आखडता घेतो. माइक थेट आवाज आणि परतलेला आवाज एकत्र मोजतो. हॉर्न आणि डोम यांचं गणितात सारखं उत्तर आणण्यासाठी प्रणाली एकाचा थेट आवाज बिघडवून बसते. दुरुस्ती ५०० हर्ट्झपर्यंतच ठेवायची सोय असेल तर तिन्ही पुढच्या वाहिन्यांना ठेवा, त्यावर सेंटरला एक-दोन डेसिबलचा रुंद हलका बदल हाताने करा. तीनपेक्षा जास्त लागत असेल तर स्पीकरच चुकला आहे. ऑड्सीत २००० हर्ट्झजवळ मुद्दाम खळगा पाडणारं ‘मिडरेंज कॉम्पेन्सेशन’ असतं. तुमच्या हॉर्नला ते नको, ॲपमधून बंद करता येतं.

रिसीव्हरमधला क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरला जातो तो आकडा, तिघांचाही सारखा, ८० हर्ट्झला ठेवा, मोठ्या जोडीला ‘लार्ज’ (सगळा बेस त्याच स्पीकरला) करायचा मोह आवरा. १५ इंची वूफरवाले इथे नाराज होतात, कळतं मला. पण जोडी ४० पर्यंत आणि सेंटर ८० पर्यंत असं केलं की गाडी मधे येताना तिचा खालचा भाग दुसरीकडून यायला लागतो. बेस हॉर्नवाल्यांसाठी तर हे अधिकच खरं: हॉर्न आपल्या मर्यादेखाली गेला की शंकूवरचा भार सुटतो, आवाज झपाट्याने पडतो आणि शंकू उगाच हेलकावे खातो. दुमडलेल्या बेस हॉर्नचा आतला मार्ग लांब असल्याने रिसीव्हरने मोजलेलं अंतर टेपपेक्षा जास्त येऊ शकतं. ते ‘चुकलंय’ म्हणून हाताने बदलू नका. सराउंडचं, म्हणजे बाजूच्या-मागच्या स्पीकरांचं म्हणाल तर ते आत्ता बदलायची गरज नाही. बाजूच्या आणि मागच्या आवाजाबाबत कान इतका चोखंदळ नसतो, पातळी बरोबर असली की पुरे. पैसे पुढच्या तिघांवर घाला.

शेवटची बाब खरेदीनंतरची. ८८ च्या जागी ९९ डेसिबलचा सेंटर आला की रिसीव्हरची मुळातली सरसर ११ डेसिबलने वर येते. शांत प्रसंगात टीव्हीजवळ गेल्यावर ‘हिस’ ऐकू आली तर स्पीकर बिघडलेला नाही. ३ मीटरवर ती ऐकू येत नसेल तर दुर्लक्ष करा. येत असेल तर फक्त सेंटरसाठी कमी गेनचा (आवाज कमी पटीने वाढवणारा), कमी गोंगाटाचा वेगळा ॲम्प रिसीव्हरच्या प्रीआउटवर (बाहेरच्या ॲम्पसाठीच्या जोडणीवर) जोडा. २०-३० वॅटचा पुरतो, वरचा हिशेब पाहा. गेन कमी झाल्यामुळे पातळीचा आकडा उणे १२ च्या कुंपणापासूनही लांब येतो, आणि पुढचं कॅलिब्रेशन (ऑटो सेटअप) त्यानंतरच करा, आधी केलेलं फुकट जाईल.